मदत करणाऱ्या हाताला लगाम : समाजकार्य या पेशाची आणि त्याच्या तत्त्वांची कहाणी

१/
१८९३ सालचे शिकागो आपल्याला ठाऊक आहे ते सर्वधर्म परिषदेमुळे. ती परिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, ते प्रदर्शन ऑक्टोबरअखेर संपले आणि शहरावर मंदीचा हिवाळा कोसळला. बँका बुडाल्या, कारखाने थांबले, हजारो माणसे रस्त्यावर आली. त्या हिवाळ्यात एका बेकार कारकुनाच्या बाबतीत जे घडले, तिथून या #थ्रेडची सुरुवात करू.

२/
शिकागोच्या स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघींनी १८८९ मध्ये 'हल हाऊस' सुरू केले होते. गरिबांना दुरून मदत पाठवण्याऐवजी त्यांच्या शेजारी राहायला जायचे, ही त्यामागची कल्पना. मंदीच्या त्या हिवाळ्यात तिथे तात्पुरते मदतकेंद्र उघडण्यात आले. एक गृहस्थ मदत मागायला आला. तो जहाज वाहतुकीच्या कचेरीत कारकून होता आणि नोकरी गेल्यामुळे घर चालवणे त्याला अशक्य झाले होते.

३/
मदतकेंद्राचा नियम स्पष्ट होता. कोणतेही काम मिळण्याजोगे असेल, तर ते केल्याशिवाय मदत मागू नये. शहराजवळ सांडपाण्याच्या कालव्याचे खोदकाम चालू होते आणि तिथे मजूर हवे होते. अ‍ॅडम्स यांनी त्याला ते सुचवले. आपण आयुष्यभर चार भिंतींच्या आत काम केले आहे, थंडीत उघड्यावरचे काम आपल्याला झेपणार नाही, असे तो म्हणाला. नियम मात्र नियमच राहिला.

४/
त्यानंतर तो मदत मागायला आला नाही. त्याने दोन दिवस कालव्यावर खोदकाम केले, त्याला न्यूमोनिया झाला आणि आठवड्याभरात तो मरण पावला. मागे दोन लहान मुले उरली. अ‍ॅडम्स यांनी १९१० च्या आपल्या आत्मकथनात ही हकीकत स्वतःला कोणतीही सूट न देता लिहिली आहे. माणसाचे आयुष्य ठरीव नियमांनी हाकता येत नाही, त्याच्या अडचणीत हात घालण्याआधी त्याचे सगळे जगणे समजून घ्यावे लागते, असा धडा त्यांनी त्यातून घेतला.

५/
या प्रसंगात दया कमी पडली नव्हती. पुढे १९३१ मध्ये शांततेचे नोबेल मिळवणारी स्त्री तिथे उभी होती. उणीव होती ती एका जाणिवेची : देणाऱ्याच्या हाती घेणाऱ्यावरची सत्ता असते. समाजकार्य या पेशाची तत्त्वे आज पाठ्यपुस्तकात कोरडी वाटतात, पण त्यांचा इतिहास या सत्तेला लगाम घालण्याच्या प्रयत्नांचा आहे. हे प्रयत्न कधी साधले, तर कधी साफ फसले. महाराष्ट्रात दोन्ही घडले.

६/
त्या नियमाचे मूळ लंडनमध्ये होते. तिथे १८६९ मध्ये 'चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी' स्थापन झाली. एकाच माणसाने चार ठिकाणांहून दान घेऊ नये, आळशाला मदत मिळू नये, म्हणून घरोघर जाऊन चौकशी करायची आणि गरिबांची 'लायक' आणि 'नालायक' अशी विभागणी करायची, ही तिची रीत. अमेरिकेतील शहरांनी ती उचलली. आज ही विभागणी खटकते. पण प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र नोंद ठेवण्याची सवयही याच चौकशीतून लागली.

७/
या नोंदींना शास्त्राचे रूप दिले मेरी रिचमंड यांनी. १८८९ मध्ये त्या बाल्टिमोरच्या अशाच एका संस्थेत हिशेबाच्या कामावर लागल्या. १८९८ मध्ये न्यूयॉर्कला समाजकार्याचे पहिले उन्हाळी वर्ग भरले. १९१७ मध्ये रिचमंड यांचा 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ आला. चौकशीचा प्रश्नच तिथे बदलला. 'हा माणूस मदतीला लायक आहे का?' याच्या जागी 'याची परिस्थिती नेमकी काय आहे?' हा प्रश्न आला. एका शब्दाचा हा फरक दिसायला लहान आहे, पण पेशाचा जन्म त्यात आहे.

८/
दुसरा प्रवाह शेजाराचा. १८८४ मध्ये लंडनच्या पूर्व भागात 'टॉयन्बी हॉल' उभा राहिला. विद्यापीठातील तरुण तिथे कामगार वस्तीत येऊन राहू लागले. 'हल हाऊस'ची प्रेरणा तीच. पहिला प्रवाह व्यक्तीकडे पाही, तर दुसरा वस्तीकडे, मजुरीकडे, कायद्याकडे. दोष माणसात शोधायचा की परिस्थितीत, हा वाद या पेशाच्या पाळण्यातच सुरू झाला आणि तो आजही संपलेला नाही.

९/
दरम्यान, १९१५ मध्ये बाल्टिमोरच्या परिषदेत अब्राहम फ्लेक्सनर यांना विचारण्यात आले : समाजकार्य हा पेशा आहे का? वैद्यकीय शिक्षणाची कठोर झाडाझडती घेणारे म्हणून त्यांचा दबदबा होता. त्यांचे उत्तर नकारार्थी होते. समाजकार्यकर्ता डॉक्टर, वकील, शिक्षक यांच्यात दुवा साधतो, त्याचे स्वतःचे असे खास तंत्र नाही, असे त्यांचे म्हणणे. हा घाव जिव्हारी लागला. पुढची कित्येक वर्षे हा पेशा स्वतःचे तंत्र सिद्ध करण्याच्या मागे लागला.

१०/
आता पुण्याकडे वळू. या पेशाला अजून नावही नव्हते, त्या १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. केशवपनाच्या आणि सक्तीच्या वैधव्याच्या त्या काळात एखादी विधवा गरोदर राहिली, तर तिच्यापुढे आत्महत्या किंवा भ्रूणहत्या असे दोनच मार्ग उरत. सापडली तर शिक्षा तिला व्हायची. तिच्यावर अत्याचार करणारा मात्र मोकळाच राहायचा.

११/
या गृहाची जाहिरात लावली गेली. तिचा आशय नीट पाहण्याजोगा आहे. विधवांनी इथे यावे, गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे की इथे ठेवावे हे त्यांच्या मर्जीवर राहील. म्हणजे तीन आश्वासने : तुझे नाव कुठे फुटणार नाही, तुझा न्यायनिवाडा होणार नाही आणि मुलाचा निर्णय तुझा असेल. तिचे पाप कोणते, दोष कोणाचा, याची पृच्छाच तिथे नव्हती.

१२/
पुढे काशीबाई नावाची एक विधवा याच घरी बाळंत झाली. तिचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंबरोबर त्याने रुग्णांची सेवा केली. फुल्यांना 'पहिले व्यावसायिक समाजकार्यकर्ते' म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ते बंडखोर समाजसुधारक होते. पण पेशाने जी तत्त्वे शतकभर धडपडून सूत्रबद्ध केली, त्यांपैकी निदान तीन पुण्याच्या त्या जाहिरातीत होती, हे विसरूनही चालणार नाही.

१३/
विसाव्या शतकाच्या आरंभी सेवेला संघटित रूप येऊ लागले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ मध्ये पुण्यात 'भारत सेवक समाज' स्थापला. त्याचे सदस्य नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत 'सोशल सर्व्हिस लीग' उभी केली. गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने सुरू झाले. चाळींत काम करता करता जोशींना जाणवत गेले की केवळ सेवेने मजुरी वाढत नाही. १९२० मध्ये 'आयटक' स्थापन करणाऱ्यांत ते होते. सेवेची वाट हक्कांकडे कशी वळते, याचे हे मराठी उदाहरण.

१४/
पेशेवर शिक्षण मात्र आले ते वेगळ्याच वाटेने. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले होते. 'ज्ञानोदय' हे १८४२ पासूनचे नियतकालिक याच मिशनचे. शंभर वर्षांनंतर, १९२५ मध्ये, या मिशनचा एक तरुण मुंबईत आला : क्लिफर्ड मॅन्शार्ट. शिक्षण शिकागो विद्यापीठात. ज्या शहरात तो कारकून मेला आणि जिथे 'हल हाऊस' होते, तेच हे शिकागो.

१५/
मिशनने १९२६ मध्ये नागपाड्यात सलग काम करण्याचे ठरवले आणि 'नागपाडा नेबरहुड हाऊस' उभे राहिले. कामाठीपुऱ्याला लागून असलेला हा भाग. मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती अशी सरमिसळ वस्ती, दाटीवाटीच्या चाळी, गोदीत आणि गिरण्यांत राबणारी माणसे. तिथे वाचनालय, दवाखाना, मुलांचे वर्ग, खेळ सुरू झाले. मॅन्शार्ट यांनी ते धर्मांतराचे केंद्र होऊ दिले नाही. मदतीच्या बदल्यात श्रद्धा मागायची नाही, हाही देणाऱ्या हाताला घातलेला लगामच होता.

१६/
काही वर्षांत मॅन्शार्ट यांच्या ध्यानात आले की मुंबईत सेवाभावी माणसांची वाण नाही, प्रशिक्षित माणसांची आहे. १९३२ मध्ये सर दोराबजी टाटा यांनी आपली संपत्ती विश्वस्त निधीकडे सोपवली आणि त्याच वर्षी ते निवर्तले. हा पैसा कसा खर्चावा, या विचारात मॅन्शार्ट यांनी समाजकार्याच्या पदव्युत्तर विद्यालयाची कल्पना मांडली. पैशाचे दान एकदा संपते, तेच पैसे माणसे घडवण्यात घातले तर पिढ्यान् पिढ्या पुरतात, असा हिशेब त्यामागे होता.

१७/
त्याच १९३२ सालचे एक पत्र या इतिहासात सहसा वाचले जात नाही. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संघ स्थापन झाला होता. तोच पुढे 'हरिजन सेवक संघ' झाला. गोलमेज परिषदेसाठी बोटीने निघालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ नोव्हेंबरला पोर्ट सैदहून संघाचे सरचिटणीस ठक्करबाप्पा यांना सविस्तर पत्र लिहिले. विषय होता : काम कोणत्या पद्धतीने करावे?

१८/
आंबेडकरांनी दोन पद्धती समोर ठेवल्या. एक म्हणते, माणसाच्या दुःखाचे मूळ त्याच्या वर्तनात आहे, म्हणून त्याला व्यसनमुक्ती, व्यायाम, शिक्षण, सद्गुण द्या. दुसरी म्हणते, मूळ त्याच्या भोवतालच्या परिस्थितीत आहे, म्हणून ती परिस्थिती बदला. त्यांनी ठामपणे दुसरीची बाजू घेतली. विहिरी, शाळा, चावडी यांवरचे नागरी हक्क मिळवून देण्याची मोहीम हाती घ्यावी, संधीची समानता आणावी, असे सुचवले.

१९/
आणि पुढचा मुद्दा अधिक बोचरा होता. हे काम करणार कोण? ज्यांच्यासाठी काम करायचे, त्यांच्यातूनच कार्यकर्ते घ्यावेत, म्हणजे ते काम पगारी चाकरी न राहता जिव्हाळ्याने होईल, असे त्यांनी मांडले. या पत्राची पोचही आली नाही, असे त्यांनी पुढे नोंदवून ठेवले आहे. व्यक्ती की परिस्थिती, हा लंडन-शिकागोतला वाद होता. मदत करणारा कोणत्या जातीचा, हा सवाल मात्र भारतीय होता आणि तो विचारणारा माणूस परळच्या चाळीत राहिलेला होता.

२०/
१९३६ मध्ये नागपाड्यातच 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झाले. भारतातील समाजकार्याचे हे पहिले पदव्युत्तर विद्यालय. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पहिले संचालक मॅन्शार्ट. वर्गातील शिक्षणाइतकेच वजन क्षेत्रकार्याला. १९४० मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क' निघू लागले. १९४१ मध्ये मॅन्शार्ट परतले आणि धुरा आली जे. एम. कुमारप्पा यांच्याकडे. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचे ते बंधू. १९४४ मध्ये विद्यालयाचे नाव 'टाटा समाजविज्ञान संस्था' झाले आणि १९५४ मध्ये ती देवनारला गेली.

२१/
याच काळात 'समाजसेवा' आणि 'समाजकार्य' या दोन शब्दांच्या वाटा वेगळ्या झाल्या. समाजसेवा कोणीही, कधीही, मनाच्या ओढीने करावी. समाजकार्यासाठी प्रशिक्षण, पगार आणि उत्तरदायित्व हवे. 'सेवेचे पैसे कसले घेता?' हा प्रश्न पहिल्या पिढीतील पदवीधरांपुढे हटकून येई. पण पगाराने एक गोष्ट साधते : चूक झाली तर जाब विचारता येतो. उपकार करणाऱ्याला तो विचारता येत नाही.

२२/
मग नियम कोणते? सर्वाधिक शिकवली जाणारी यादी १९५७ ची, फेलिक्स बीस्टेक यांची. तेही शिकागोचेच, तिथल्या लोयोला विद्यापीठात शिकवणारे जेझुइट पाद्री. त्यांची सात तत्त्वे अशी :
• प्रत्येक सेवार्थीचे वेगळेपण ओळखणे
• त्याला भावना मोकळेपणी व्यक्त करू देणे
• स्वतःच्या भावनांवर संयम ठेवून गुंतणे
• माणूस आहे तसा स्वीकारणे
• न्यायनिवाडा न करणे
• निर्णयाचा हक्क त्याच्याकडे ठेवणे
• गोपनीयता पाळणे

२३/
ही यादी त्या कारकुनाच्या मृत्यूशेजारी ठेवून वाचावी. त्याचे वेगळेपण ओळखले गेले नाही. त्याचे म्हणणे ही सबब ठरली. निर्णय त्याचा राहिला नाही. सातही तत्त्वांचा रोख मदत करणाऱ्याकडे आहे : तू काय गृहीत धरू नकोस, काय बोलू नकोस, काय हिरावून घेऊ नकोस. अर्थात स्वयंनिर्णयालाही मर्यादा आहेत. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, मूल अजाण असेल, कायदा आड येत असेल, तर तो अबाधित राहत नाही, हे बीस्टेक यांनीही मान्य केले होते.

२४/
खरी अडचण निराळीच होती. ही तत्त्वे दोन माणसांतील नात्यासाठी होती. भारतात समाजकार्यकर्ता बहुधा तिसऱ्याच्या नोकरीत असे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. नव्या पदवीधरांना नोकऱ्या मिळाल्या, हे खरे. पण कामगार आपले गाऱ्हाणे ज्याला सांगणार, त्याचा पगार मालक देणार. गोपनीयता कोणाशी पाळायची? निष्ठा कोणाकडे? पेशापुढचा हा पेच पाठ्यपुस्तकाने सुटणारा नव्हता.

२५/
त्याहून मोठी कसोटी लागली ती रस्त्यावर. १९४५ मध्ये कुमारप्पांच्या संपादनाखाली 'अवर बेगर प्रॉब्लेम' हे पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. अविचारी दानावर टीका, भिकाऱ्यांचे वर्गीकरण, प्रशिक्षित कर्मचारी असलेल्या संस्थांची निकड, असा त्याचा सूर. हेतू पुनर्वसनाचा होता, यात शंका नाही. पण शीर्षकातच भिकारी हा 'प्रश्न' झाला होता आणि १८६९ च्या लंडनची ती वर्गवारी मुंबईच्या पदपथावर येऊन ठेपली होती.

२६/
१९५९ मध्ये 'मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम' आला. त्यातील भिक्षेची व्याख्या पाहावी. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे, वस्तू विकायला पुढे करणे, अशा कोणत्याही मिषाने सार्वजनिक जागी याचना करणे म्हणजे भिक्षा. शिवाय उपजीविकेचे दिसेलसे साधन नसताना, भीक मागून जगत असावा असे वाटण्याजोग्या अवस्थेत फिरणेही भिक्षाच. वासुदेव, पिंगळा, पोतराज, डोंबारी, नंदीबैलवाले : ज्यांच्या कलेवर मराठी माणूस आज अभिमानाने लिहितो, ते सगळे या वाक्यात सहज सापडतात.

२७/
वॉरंटशिवाय अटक. पहिल्यांदा एक ते तीन वर्षे संस्थेत स्थानबद्धता. पुन्हा पुन्हा सापडल्यास ती दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. पूर्णपणे त्याच्यावर अवलंबून असलेल्या माणसालाही डांबण्याची तरतूद. आणि शिक्षा देताना न्यायालयाने काय विचारात घ्यायचे? वय, चारित्र्य, राहणीची परिस्थिती आणि परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल. म्हणजे समाजकार्याचे मूळ साधन, माणसाला समजून घेण्यासाठी केलेली नोंद, आता त्याच्या स्वातंत्र्याचा फैसला करण्याच्या कामी आले.

२८/
चौकशीला आलेला माणूस विश्वासाने जे सांगेल, ते न्यायालयात जाणार. न सांगितले, तर 'सहकार्य करत नाही' अशी नोंद होण्याची भीती. अशा अहवालांमुळे काहींची सुटका झाली असेल, चांगले अधिकारी अनेक असतील. तरीही गोपनीयता आणि स्वयंनिर्णय ही दोन तत्त्वे या रचनेत टिकत नाहीत. अ‍ॅडम्स यांच्या मदतकेंद्राने निदान त्या कारकुनाला परत जाऊ दिले होते. इथे मदतीच्या दाराला बाहेरून कुलूप होते.

२९/
पेशाने यातून काही शिकावे, असे दुसरे उदाहरण मुंबईतच घडले. १९८४ मध्ये टाटा संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. जागा पोलिसांची, पण बोलणार समाजकार्यकर्ती. कौटुंबिक हिंसाचाराने पिडलेल्या स्त्रीला तिथे पर्याय समजावून सांगायचे : तक्रार करायची, वेगळे राहायचे, की समोरच्याला बोलावून बोलणी करायची. निवड तिची. सत्तेच्या इमारतीत बसूनही सत्ता सेवार्थीच्या बाजूने वळवता येते, हे या कक्षाने दाखवले.

३०/
१९९७ मध्ये टाटा संस्थेतील अध्यापकांच्या मंचाने भारतीय समाजकार्यकर्त्यांसाठी नीतिमूल्यांचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. २०१४ मध्ये मेलबर्नला स्वीकारलेल्या समाजकार्याच्या जागतिक व्याख्येने सामाजिक न्याय, मानवी हक्क, सामूहिक जबाबदारी आणि विविधतेचा आदर ही मूल्ये केंद्रस्थानी ठेवली. परिस्थिती बदलल्याशिवाय माणसाला बदलायला सांगू नका, हे पोर्ट सैदच्या पत्रातील म्हणणे पेशाच्या मुख्य वाक्यात यायला ८२ वर्षे लागली.

३१/
भिक्षेच्या कायद्याचे पुढे काय झाले? २००६ मध्ये टाटा संस्थेच्याच 'कोशिश' या क्षेत्रकार्य प्रकल्पाने बेघर आणि निराधार माणसांबरोबर काम सुरू केले आणि भिक्षेला गुन्हा मानणाऱ्या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. ज्या संस्थेतून १९४५ चे पुस्तक आले, तिथूनच त्याला उत्तर आले. पेशा जिवंत असल्याची यापेक्षा चांगली खूण सापडणे कठीण.

३२/
मुंबईचा हा कायदा दिल्लीलाही लागू करण्यात आला होता. हर्ष मंदर आणि इतरांच्या याचिकांवर दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी, न्या. गीता मित्तल आणि न्या. सी. हरी शंकर यांच्या खंडपीठामार्फत, भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवून रद्द केल्या. अन्न, निवारा देण्यात राज्य अपुरे पडते, म्हणून माणूस भीक मागतो. त्यालाच गुन्हेगार कसे ठरवता येईल, हा निकालाचा गाभा. महाराष्ट्राला मात्र हा निकाल लागू झाला नाही. ज्या राज्यात कायदा जन्मला, तिथे तो पुस्तकात राहिला.

३३/
मुंबईचे भिक्षेकरी गृह चेंबूरला आहे आणि टाटा संस्था शेजारच्या देवनारला. एकाच उपनगराच्या दोन टोकांना या दोन इमारती उभ्या आहेत. एकीत स्वयंनिर्णयाचा हक्क शिकवला जातो, दुसरीत न्यायालयाच्या हुकमाने आणलेली माणसे राहतात. क्षेत्रकार्याला निघालेला विद्यार्थी पहिलीतून दुसरीत जातो, तेव्हा त्याच्या हाती नोंदवही असते. रकाने ठरलेले : नाव, वय, गाव, कुटुंब, व्यवसाय.

३४/
रकाने भरून झाल्यावर समोरचा माणूस बहुधा आणखी एखादे वाक्य बोलतो, जे कोणत्याच रकान्यात बसत नाही. 'मी आयुष्यभर आतलंच काम केलं आहे', असे १८९३ च्या हिवाळ्यात एक जण म्हणाला होता. त्याचे नाव अ‍ॅडम्स यांनी लिहून ठेवलेले नाही. ते वाक्य मात्र त्यांनी सोळा वर्षांहून अधिक काळ मनात वागवले आणि मग छापले.

थ्रेड समाप्त. #इतिहास #समाजकार्य